सेनाधिकारी साइक्स आणि दख्खनचे पक्षी

(नाशिक येथील द्वारका परिसरात शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



या द्वारका चौकातील रहदारीत पाखराचा आवाज ऐकू येणे कठीण. परंतु गोदाकाठाने खाली निफाड तालुक्यात गेले की नांदूर-मध्यमेश्वर लागते. महाराष्ट्रातील या पहिल्या रामसर स्थळी उथळ पाण्यात अंग चोरून उभी असलेली ढोकरी आपण पाहिली असेल. तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले ते विल्यम हेन्री साइक्स या सेनाधिकाऱ्याने, १८३२ मध्ये.

१७९० मध्ये जन्मलेले साइक्स किशोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात आले. १८१० मध्ये ते हिंदुस्थानी व मराठी या भाषांची दुभाष्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध लढले, हेही विसरून चालणार नाही. १८२४ मध्ये एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी अधिकारी नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या यांची ही मोजदाद राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होती. १८२९ च्या अखेरीस ते पद रद्द झाले. तरीही साइक्स यांनी हाती घेतलेले काम १८३१ मध्ये पूर्ण केले.

या भ्रमंतीतूनच दख्खनच्या सुमारे २३६ पक्ष्यांची त्यांची यादी सिद्ध झाली. माळावरचा लहान शेंडीचा चंडोल आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. थव्याने कलकलाट करणाऱ्या मोठ्या राखी सातभाईला त्यांनी गव्हर्नर माल्कम यांचे नाव दिले.

घाटातील रानकुत्र्याचे वर्णन करताना मात्र त्यांनी ‘कोळसून’ हे मराठी नाव नोंदवून ठेवले. ज्यांच्या तोंडून ते नाव आले, त्या माणसांची नावे यादीत नाहीत. ज्ञान गावाचे; नोंद परक्याची!

ही उणीव भरून काढण्याची संधी आता आपल्या हाती आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ती केवळ रकाने भरण्यापुरती राहू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पाणवठ्यावर न्यावे, गुराखी व मच्छीमार यांना विचारावे, पक्ष्याचे स्थानिक नाव, दिवस आणि ठिकाण लिहून ठेवावे.

साइक्स १८७२ मध्ये निवर्तले. त्यांची यादी आजही अभ्यासली जाते, कारण पाहिलेले त्यांनी वेळीच लिहिले. आपण तर येथेच राहतो. आपली नोंद अधिक नेमकी असावयास हवी.