दरवाजा उघडा, पण कुणासाठी?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या सभेत आज आम्ही बोईसरची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, कुठे आपले कोरडवाहू रान आणि कुठे ते समुद्रकाठचे बोईसर! पण ज्यांचा पोरगा, भाचा किंवा पुतण्या कारखान्यात कंत्राटी कामाला गेला आहे त्यांनी हात वर करा म्हटले, तर प्रत्येक गावातून हात वर होतील. शेती पुरली असती तर तो गेला नसता. इथे बाप कापूस विकतो, तिथे पोरगा कापडाच्या नाही तर औषधाच्या कारखान्यात उभा राहतो. व्यापार खुला करायचा की बंद, हे दिल्लीत ठरते आणि त्याचा परिणाम या दोघांच्याही ताटात उतरतो. म्हणून आम्ही काही जण पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरला जाऊन आलो. तिथे जे पाहिले, त्याचा हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

भट्टी आपली, काडेपेटी दुसऱ्याची

तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे. ते १९६९ साली सुरू झाले. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, इंधनही अमेरिकेचे. १९७४ साली पोखरणला अणुस्फोटाची चाचणी झाली. अमेरिकेने १९७८ साली नवा कायदा केला आणि पुढे इंधन देणे थांबवले. भट्टी आपल्या जमिनीवर, पण काडेपेटी दुसऱ्याच्या खिशात! आधी फ्रान्स, मग चीन, मग रशिया, अशी इंधनासाठी दारे ठोठवावी लागली. दरम्यान आपले इंजिनियर शिकले. त्याच आवारात ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या त्यांनी स्वतः उभ्या केल्या. त्या २००५ आणि २००६ साली चालू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, हेही विसरू नका.

आता आपल्या शिवारात या. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. तिचे मादी वाण अमेरिकेतून आणलेले होते. ते आणले म्हणून काही बिघडले का? उलट आपल्या शास्त्रज्ञांनी त्यावर काम केले, पुढची संकरित वाणे काढली, आणि ज्वारीचा उतारा वाढला. म्हणजे बाहेरचे तंत्रज्ञान हे काही विष नव्हे. ते आणावे, वापरावे, शिकावे. शिकलो तर मालक, नाही शिकलो तर कायमचे गिऱ्हाईक.

चिमूटभर औषधाची गोष्ट

तारापूरच्या एमआयडीसीत औषधांची मूळ द्रव्ये बनवणारे बरेच कारखाने आहेत. गोळीत भर घालायचे पदार्थ असतात आणि खऱ्या औषधाची चिमूट असते. ती चिमूट म्हणजे हे मूळ द्रव्य. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, तर बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट ठेवले. आपल्या कारखान्यांनी नव्या पद्धती शोधल्या आणि औषध स्वस्त झाले. २००५ पासून, जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे, वस्तूवरही पेटंट आले. हा धंदा बुडणार, अशी हाकाटी झाली होती. धंदा बुडाला नाही. २०२३-२४ साली देशाची औषधांची निर्यात २७ अब्ज डॉलरच्या वर गेली.

पण दुसरी बाजूही पाहा. १९९१ नंतर आयात कर उतरत गेले. चीनच्या अजस्र कारखान्यांतून मूळ द्रव्ये स्वस्तात येऊ लागली. गोळ्या करणाऱ्याला बरे झाले, मूळ द्रव्य बनवणाऱ्याचे दिवाळे निघाले. पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पन्नाशीच्या दशकात पेनिसिलीन बनू लागले होते. त्याच देशात पेनिसिलीन-जी बनणे पुढे बंद पडले. मूळ द्रव्यांच्या आयातीतला सुमारे दोन तृतीयांश माल चीनचा झाला. संगणकाचेही तसेच. १९९७ साली माहिती तंत्रज्ञान कराराला आपण मान्यता दिली, २००५ पर्यंत संगणकावरचा आयात कर शून्यावर आला. स्वस्त संगणकांवर पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या, पोरांना नोकऱ्या लागल्या. पण संगणक बनवण्याचा धंदा इथे रुजला नाही.

२०२० साली कोरोना आला, चीनचा माल अडला, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. मूळ द्रव्ये देशात बनावीत म्हणून ६,९४० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २०२४ साली काकीनाड्याजवळ पेनिसिलीन-जीचा कारखाना पुन्हा उभा राहिला. चांगले झाले. आम्हाला त्याचा हेवा नाही. पण हा ६,९४० चा आकडा लक्षात ठेवा.

आता कपाशीचे पाहू

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के कर बसवला. जेनेरिक औषधे त्यातून वगळली. का? आपल्यावरच्या प्रेमाने? नव्हे. त्यांच्या रोग्यांचे त्या औषधांवाचून अडते. कापडाला वगळले नाही, कारण ते बांगलादेशातून आणि व्हिएतनाममधूनही मिळते. ज्याच्यावाचून दुसऱ्याचे अडते, त्याला दरवाजा उघडा राहतो. देशाची ताकद म्हणतात ती हीच.

कापड गिरण्यांवर संकट येणार हे दिसले, तेव्हा सरकारने काय केले? कापसावरचा ११ टक्के आयात कर १९ ऑगस्टपासून उठवला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली पहिली वेचणी घरात येते, देणेकरी दारात बसतो, नेमके तेच महिने! औषधवाल्याला तोटा आला तर तिजोरीतून योजना, कापडवाल्याला तोटा आला तर कापूसवाल्याच्या खिशातून?

आम्हाला सांगतात, कापूस स्वस्त झाला नाही तर गिरणी बंद पडेल आणि तुमच्याच पोराची नोकरी जाईल. हिशोब करू. रुईची खंडी ३५६ किलोची. खंडीला ५५ हजार धरा, म्हणजे किलोला सुमारे १५५ रुपये. एका सदऱ्याला ३०० ग्रॅम रुई धरा, म्हणजे सुमारे ४६ रुपयांची. तिच्यावर ११ टक्के म्हणजे पाच रुपये. दुकानात तो सदरा आठशेला मिळतो. गिरणीला पाच रुपये मोठे असतील, खोटे नाही. सुताच्या धंद्यात नफा पातळच असतो. पण अमेरिकेचा ५० टक्क्यांचा घाव आमच्या पाच रुपयांनी भरून येणारा नव्हता. त्यात बापाचा भाव पडतो आणि पोराची नोकरी टिकेलच याचीही हमी नाही.

आम्ही दरवाजे बंद करा म्हणत नाही. आमची तक्रार दरवाजा एकाच बाजूने उघडण्याची आहे. बाहेर भाव चढला तेव्हा काय झाले? एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात रोखली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा रोखली, ओरड झाली तेव्हा काही दिवसांत उठवली. भाव चढला की बाहेर जायचे दार बंद, भाव पडला की आत यायचे दार सताड उघडे. याला खुला व्यापार म्हणायचे?

शर्यतीत उतरवायचे तर पायात जोडाही द्या. ब्राझीलमध्ये हेक्टरी रुई आपल्या तिप्पट-चौपट निघते. आपल्याकडे बीटी कपाशी २००२ साली आली, बोलगार्ड-२ हे २००६ साली. शेतात आजही मुख्यतः तेच बियाणे आहे, आणि गुलाबी बोंडअळी त्याला जुमानत नाही. २०१३-१४ साली देशात ३९८ लाख गाठी झाल्या होत्या, २०२४-२५ साली त्या तीनशे लाखांच्या आसपास उतरल्या. कारखान्याला जगातले नवे यंत्र आणता येते, आम्हाला मात्र वीस वर्षांपूर्वीचे बियाणे घेऊन धावायचे!

म्हणून मागण्या साध्या आहेत. आयात-निर्यातीचे धोरण पेरणीच्या आधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. निर्यातीवर बंदी नको. गिरण्यांना मदत करायची तर तिजोरीतून करा. आणि शास्त्रज्ञांनी तपासून मंजूर केलेले नवे बियाणे आमच्यापर्यंत वेळेवर पोहोचू द्या.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने २०२५ च्या हंगामातल्या आपल्या कापसाच्या पट्ट्या आणाव्यात. विक्रीची तारीख, वजन, मिळालेला भाव. गावोगावचा हिशोब एका कागदावर मांडू आणि तोच कागद दिल्लीला पाठवू.