तबल्याची पुडी
(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



आम्ही काही तबल्याचे उस्ताद नव्हे. दिवसभर बँकेत खातेदारांच्या स्लिपा तपासणारी आम्ही माणसे. तरी हा विषय आम्ही मागून घेतला. आमच्या आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली आणि गावकीची हलगी कायमची खाली ठेवली. पुढे कॉलेजात असताना आम्ही तबल्याच्या क्लासला जायचे म्हटले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "कातड्यावरचा हात तुझ्या आज्यानं काढला, तू पुन्हा ठेवू नको." आम्ही गेलो नाही. वडिलांचे चुकले असे आजही म्हणवत नाही. हलगी ही सक्ती होती, तिला नकार देण्यातच मान होता. पण तबल्यावरचे कातडे काय करते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

साधा ढोल घ्या. त्यातून नाद निघतो, पण नेमका सूर लागत नाही. कारण त्याच्या उपस्वरांचे आपसांतले गणित जुळत नाही. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. तिच्या मध्यावर लोहचूर्ण आणि खळ यांच्या शाईचे थर एकावर एक देत, दगडाने घोटत चढवतात. त्या वजनाने उपस्वर जुळून येतात आणि कातडे सुरात बोलू लागते. सी. व्ही. रामन यांनी आपल्याकडील अशा वाद्यांचा हा गुण १९२० साली 'नेचर' नियतकालिकात मांडला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रामन यांनी जे कागदावर मांडले, ते कारागिरांच्या बोटांनी आधीच साधले होते.

हा बोलणारा ताल जगाने उचलला. १९६६ साली बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीत अनिल भागवत यांचा तबला वाजला आणि वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. १९६७ साली अमेरिकेत माँटेरी येथे उस्ताद अल्लारखाँ यांनी पंडित रविशंकरांबरोबर हजारो तरुणांना ऐकवले. पुढच्याच वर्षी जाझचे ड्रमर बडी रिच यांच्याबरोबर त्यांची तबकडी निघाली. त्यांचे चिरंजीव, आपल्या माहीमचे झाकीर हुसेन, यांनी 'शक्ती'मध्ये गिटारशी सवाल-जवाब केले. मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम'मध्येही ते होते. १९९९ साली लंडनच्या तल्विन सिंग यांना विजेच्या वाद्यांशी तबला जोडणाऱ्या तबकडीसाठी मर्क्युरी पारितोषिक मिळाले. आज परदेशी ड्रमरही तिहाई घेऊन समेवर येतात. आम्हांला त्यातले सगळेच रुचते असे नाही; काही ठिकाणी तबला केवळ फोडणीपुरता असतो.

पण मंडळी, पुडी कोणी केली? वेष्टनावर ते नाव नसते. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन गेले, तेव्हा त्यांचे तबले करणारे हरिदास व्हटकर यांच्याविषयी वृत्तपत्रांत छापून आले. घराणे मूळचे मिरजेचे. तोवर आमच्यासारख्या किती श्रोत्यांना ते नाव ठाऊक होते?

यंदा आमची कन्या गांधर्व मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसली. वडील आता थकले आहेत. ती रियाजाला बसली की ते खुर्ची दाराशी ओढून घेतात, बोलत काही नाहीत. मागल्या महिन्यात पुडी फाटली म्हणून आम्ही तबला घेऊन कारागिराकडे गेलो. पावती करताना त्यांचे नाव विचारले.

"नाव कशाला, साहेब?" ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी या."