ड्रममधल्या अळ्या आणि आपला जमाखर्च
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



समितीने मला ‘आपला परिसर’ असा विषय दिला. त्यातला मी एकच कोपरा निवडला आहे. मागच्या भिंतीजवळचे आपले ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम. पावसाळ्यात त्यांत अळ्या झाल्या आणि ड्रम कायमचे बंद करावेत असा अर्ज समितीकडे आला. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो विषय येईल. मत देण्याआधी या अळ्या कोणत्या, हे सर्वांना ठाऊक असावं म्हणून हे चार शब्द.

या घरमाशीच्या अळ्या नाहीत. घरमाशीची अळी पांढरी, बारीक, एका टोकाला निमुळती असते. आपल्या ड्रममधली अळी चपटी, जाडसर, कातडी राठ असलेली आहे. हिच्या माशीला इंग्रजीत ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात. आपण काळी सैनिक माशी म्हणू. मूळची अमेरिका खंडातली, आता सगळ्या उष्ण देशांत आढळते. दिसायला गांधीलमाशीसारखी, पण तिला नांगी नाही. मोठी झालेली माशी जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे आपल्या ताटावर येऊन बसण्याची तिला गरजच नसते. साधारण आठवडाभर जगते, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत पाचशेच्या आसपास अंडी घालते आणि मरते.

खाण्याचं सगळं काम अळीचं. चारेक दिवसांत अंडी फुटतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे ती अखंड खात असते. शिळा भात, भाजीची देठं, सडका आंबा, मासळीची आतडी, तिला काही वर्ज्य नाही. पोट भरलं की रंग काळपट होतो, खाणं थांबतं आणि कोष करण्यासाठी ती कोरडी जागा शोधत बाहेर पडते. जिन्याखाली ज्या काळ्या अळ्या सापडल्या आणि आपल्या वहिनी घाबरल्या, त्या याच. त्या चावत नाहीत.

आता थोडा जमाखर्च. बँकेत आयुष्य गेलं, तेव्हा एवढी सवलत द्या. अळ्या कचऱ्याचं वजन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणतात. उरतं ते खतासाठी. शिवाय अळी स्वतःच एक ठेव आहे. वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. म्हणून जगात आता या माशीची रीतसर शेती होते. युरोपीय संघाने २०१७ मध्ये माशांच्या खाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात अशा कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली. अशा खाद्यात समुद्रातली छोटी मासळीही दळून घालतात. समुद्रात मासळी किती उरली आहे, ते अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळी बांधवांना विचारा.

किडे पाळणं आपल्याला काही नवीन नाही. भंडारा-गडचिरोलीत टसरचे कोष आहेत, जालन्यात रेशीमकोषांची बाजारपेठ आहे, मध आणि लाख तर किती जुनी. फरक एवढाच, की रेशमाच्या अळीला आपण ताजा पाला देतो आणि ही अळी आपलं उष्टं खाते. मी इथे कारखाना काढा म्हणत नाही. त्याला जाळीचे पिंजरे, उजेड, तापमान, देखरेख सगळं लागतं. आपल्याकडे ती न बोलावता आली आहे. तिला काम करू द्यावं, एवढंच.

ड्रम बंद केले तर काय होईल? आपली ४८ घरं. घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला तरी रोज २४ किलो, वर्षाला पावणेनऊ टन. तो घंटागाडीतून गोखिवऱ्याला भोईदापाड्याच्या डम्पिंगवर जाणार. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन होतो आणि तो पेटतो. तिथल्या आगींचा धूर तुम्ही पाहिला आहे. त्या ढिगाशेजारीही माणसं राहतात, त्यांच्याही घरात लहान मुलं आहेत. त्यांना आपल्या सभेत मत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आपण त्याहून लहान आहोत, पण आपला कचरा काही वेगळ्या जातीचा नाही.

तळमजल्यावरच्या मंडळींची तक्रार मात्र खरी आहे. कचरा ४८ घरांचा आणि वास फक्त चार घरांना, हा न्याय नाही. पण वास अळ्यांमुळे येत नाही, साचलेल्या पाण्यामुळे येतो. म्हणून अर्जाला माझी दुरुस्ती अशी. ड्रम खिडक्यांपासून हलवून पाण्याच्या टाकीपलीकडे न्यावेत. तळाला भोकं पाडून पाणी निचरावं. प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला किंवा लाकडाचा भुसा टाकावा. भोकांना जाळी लावावी आणि बाहेर पडणाऱ्या अळ्यांसाठी कडेला कोरड्या भुशाचं घमेलं ठेवावं. वाडीत कोंबड्या असलेल्या नातेवाइकांना घमेलं रिकामं करायला आनंदच होईल. आणि ही जबाबदारी एकट्या सफाई कामगारावर न टाकता मजल्यानुसार पाळी लावावी. पहिल्या महिन्याची पाळी आमच्या मजल्याची.

सहा महिने असं करून बघू. तरीही वास आला, तर ड्रम बंद करण्याच्या ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घाला.

गेल्या २५ वर्षांत टँकरचं पाणी, गळक्या गच्च्या, लिफ्टची वर्गणी, सगळे प्रश्न आपण भांडून का होईना, एकत्र बसून सोडवले. हाही सुटेल.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.