तांबूचा पाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पाककृतीवर अन् शिवणावर बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. घोड्यावर बोलणारी बहुधा मीच पहिली. पण कर्जत-खालापूरकडे घोडा कोणास नवा आहे? १८५० साली मॅलेटसाहेब माथेरानावर चढले, १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर गेली, २०२२ साली ई-रिक्षाही धावली; तरी पाहुण्यांची मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते आणि आमच्यासारख्यांची चूल घोड्याच्याच पाठीवर पेटते.

गेल्या एप्रिलमध्ये आमचा तांबू, तीन वर्षांचा, एका सकाळी लंगडू लागला. जखम नाही, सूज नाही, काटा नाही. मे महिन्याचा हंगाम तोंडावर आलेला आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. भाऊजी म्हणाले, खांदा भरलाय. एका शेजाऱ्यांनी तापल्या सळईचा डाग द्यावयास सांगितले. त्याला मात्र मी साफ नकार दिला. बारा दिवसांपूर्वीच तांबूला पहिली नाल ठोकली होती. खिळा जिवणीत गेला असे मी मनाशी ठरवून टाकले आणि नालबंदकाकांच्या दारात, त्यांच्या सुनेदेखत, नको ते बोलून आले.

पशुवैद्य आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "पाय कोणता?" आम्ही तिघांनी तीन पाय सांगितले! मग त्यांनी तांबूला सपाट, कठीण जमिनीवर सरळ चालविले. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, चांगल्या पायावर ती खाली जाते. हे एवढे पाहिले तरी निम्मे काम होते, भगिनींनो. पाय डावा निघाला. नंतर त्यांनी माझा हात धरून दोन्ही खूर चाचपावयास लावले. डावा अधिक ऊन लागला, आणि घोट्याच्या मागे नाडी ठणठण उडत होती. घोडा लंगडला की आपण खांद्याकडे पाहतो. दुखणे बहुतेकदा खुरातच असते, असे ते म्हणाले.

नाल काढली. एकेक खिळा कोरडा, स्वच्छ! खिळ्याने पू झाला असता तर तो ओला, काळा निघाला असता. माझी मान तेथेच खाली गेली. पण कारण काही सापडेना. धनुर्वाताची सुई झाली (घोड्याला हा रोग फार लवकर धरतो), रोज कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवून पट्टी बांधावयाची, जागा कोरडी ठेवावयाची. आणि बजावले, "वेदनेच्या गोळ्या मनाने देऊन कामाला जुंपू नका. दुखणे झाकते, बरे होत नाही."

सहाव्या दिवशी लंगडणे किंचित उणे झाले. आमच्या घरचे म्हणाले, हलके गिऱ्हाईक घेऊन वर नेतो. त्या रात्री आमच्यात कडाक्याचे झाले. मी तबेल्याच्या दाराशी घोंगडी टाकून निजले. हप्ता चुकला, तो पुढे माझ्या बांगड्यांनी भरला.

अकराव्या दिवशी खुराच्या वर, केस सुरू होतात त्या कडेला, चामडी फुटून काळा, घाण पू वाहिला. संध्याकाळी तांबू चारी पायांवर उभा! तळाच्या बारीक चिरेतून घाण आत शिरली असावी, खाली वाट न मिळाल्याने ती वर चढली, असे वैद्य म्हणाले. चीर कोठली, ते शेवटपर्यंत कळले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नालबंदकाकांकडे गेले. काका ओट्यावर बसले होते. मी वाकून नमस्कार केला, शब्द फुटेना. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाऊस संपेस्तोवर नाल नको, सूनबाई. खूर वाढू दे." आणि आत सुनेला चहा टाकावयास सांगितले.