माणूस आवडला, व्यवहार पाहिला काय?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्याला चालवून पाहतों. विकणारा गोड बोलतो म्हणून बैल चांगला, असें आपण मानीत नाहीं. पण कर्जाच्या कागदावर सही करावयाची असली, कोणाला जामीन राहावयाचें असलें, किंवा भिशींत पैसा घालावयाचा असला, कीं आपण व्यवहाराचे दांत पाहत नाहीं. माणसाचें तोंड पाहतों. "आपल्यांतलाच आहे, पाव्हणा लागतो, लेकराबाळांची विचारपूस करतो," एवढ्यावर काम होतें आणि शेत अडकतें.

ही खोड केवळ खेड्यांतल्या लोकांची आहे, असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील मानसशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट सियाल्डिनी यांनीं १९८४ सालीं मन वळविण्याच्या युक्त्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आवड ही एक मोठी युक्ति म्हणून सांगितली आहे. माणूस आवडतो कशानें? रूपानें, स्तुतीनें, ओळखीनें, तो आपल्यासारखा असल्यानें. यांतील एकाचाही मालाच्या कसाशीं संबंध नाहीं! त्याच देशांत टपरवेअर कंपनीनें १९५१ सालीं आपलीं प्लास्टिकचीं भांडीं दुकानांतून काढून घेतलीं व घरोघरच्या मेळाव्यांतून विकलीं. बोलावणारी शेजारीण, खाणेंपिणें तिच्या घरचें, विक्री झाली कीं भेटवस्तूही तिला. मैत्रिणीला नाहीं कसें म्हणावें? तराजूंत भांड्याबरोबर शेजारीणही बसली!

आमच्याकडे हा खेळ जुनाच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीच्या नांवानें भट शेतकऱ्याच्या घरांतून द्रव्य कसें नेतो, तें त्यांत मांडलें आहे. तें द्रव्य दरोडा घालून नेलेलें नव्हतें. शेतकऱ्यानें पूज्यभावानें स्वतःच दिलेलें होतें. पूज्यभाव आला कीं प्रश्न विचारणें थांबतें.

मग कोणावर लोभच करूं नये काय? तसें नव्हे. श्री गाडगेबाबा (१८७६–१९५६) गांवांत येत ते खराटा घेऊन. दिवसा गांव झाडीत, रात्रीं कीर्तन करीत. लोकांचें मन आधीं खराट्यानें जिंकलें जाई. मग कर्ज काढून सण करूं नका, देवापुढें बकरें कापूं नका, मुलांना शिकवा, हें ते सांगत. सांगतांना श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. खरा हितकर्ता लोकांच्या लोभाचा उपयोग त्यांचा विचार जागा करण्याकडे करतो. ठक तो निजविण्याकडे करतो.

याची उलट बाजूही ध्यानांत ठेवा. तोंडाळ भाऊबंद म्हणाला, "कागद वाचून घे," तर आपण म्हणतों, हा जळतो! नावडत्याचें खरें बोलणेंही आपण फुकट घालवितों.

उपाय काय? शेली चायकेन या विदुषीनें १९८० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. याच विषयावर पुढें आपणांस बोलावें लागेल, असें ज्या विद्यार्थ्यांना वाटत होतें, त्यांच्यावर कारणांचा परिणाम अधिक झाला. ज्यांना तशी जबाबदारी नव्हती, ते सांगणारा आवडतो कीं नाहीं, यावर गेले.

म्हणून सही करण्यापूर्वीं घरीं या. घरधनिणीला, शिकत्या मुलीला समजावून सांगा: रक्कम किती, व्याज किती, बुडालें तर भरणार कोण? सांगतां आलें नाहीं, तर तुम्हांला माणूस पटला आहे, व्यवहार पटलेला नाहीं. आणि स्वतःला विचारा, हाच कागद अनोळखी माणसानें आणला असता, तर सही केली असती काय? एक दिवस थांबा म्हटल्यानें जो रुसतो, तो स्नेही कसला?

आम्ही मास्तर, आमच्यावर तुमचा लोभ आहे. तेवढ्यावर आमचें हें बोलणेंही खरें मानूं नका; घरीं जाऊन पारखा. पाव्हण्याला चहा द्या, मान द्या. सही मात्र कागद पाहूनच द्या.