सीलच्या मिशा

पावसाळ्यात बेल्याच्या उत्तरेकडची पैनगंगा काळ्या रानांतील माती घेऊन वाहू लागली, म्हणजे वीतभर पाण्याखालचेही काही दिसत नाही. अशा पाण्यात मासळीवर पोट भरणाऱ्या प्राण्याने काय करावे? थंड समुद्रांच्या गढूळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या सीलपुढे हा प्रश्न नित्याचाच आहे. सीलला आपल्याकडे कोणी मासा म्हणतात. पण तो पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी होय. डॉल्फिनप्रमाणे प्रतिध्वनीवरून वेध घेण्याची कला त्याला अवगत नाही, आणि पाण्यात शिरताच तो नाकपुड्या मिटून घेतो. असे असूनही आंधळे पण चांगले धष्टपुष्ट सील समुद्रात आढळले आहेत. त्यांना अन्न मिळाले तरी कसे?

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गीडो डेनहार्ट व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली याचा उलगडा केला. त्यांनी एका शिकविलेल्या सीलचे डोळे टोपड्याने झाकले, कानांवर हेडफोन चढविले आणि एक चिमुकली पाणबुडी पाण्यातून सोडली. तिचे यंत्र थांबल्यावरच हेडफोन काढले. सीलने मिशा पुढे पसरल्या, आणि पाणबुडी ज्या वाटेने गेली होती नेमकी तीच वाट धरली. वळण असेल तेथे तोही वळला. मिशा बांधून टाकल्या, तेव्हा मात्र त्याला माग लागेना.

पोहणारा मासा मागे बारीक भोवरे सोडून जातो आणि ते काही काळ पाण्यात टिकतात. मिशा ते भोवरे टिपतात. पण वेगाने पोहताना मिशा स्वतःच थरथरू लागल्या तर? सीलच्या मिशीचा केस चपटा व लाटेसारखा नागमोडी असतो, त्यामुळे ही थरथर फारच कमी होते. इतका बारीक विचार एका केसात असावा, हे नवलच!

२००८ पासून डेनहार्ट यांचे संशोधन बाल्टिक समुद्राकाठी, रोस्टोकजवळ होहे ड्यूने येथील केंद्रात चालू झाले. तेथे बंदरात नांगरलेल्या एका जुन्या प्रवासी जहाजाभोवती जाळी लावून समुद्राचेच पाणी सीलसाठी राखून ठेवले आहे. योग्य उत्तराला मासळीचा तुकडा, ही तेथील शिकवणी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात, कृत्रिम आकाशातील एका ठरावीक ताऱ्याकडे तोंड करून सील पोहू शकतो, असे दिसून आले. किनारा दिसेनासा झाल्यावर भर समुद्रात तो याच विद्येने दिशा धरतो काय, हे मात्र पिंजऱ्यातील सीलकडून कळणे कठीण आहे.