नटाची बोली, दिग्दर्शकाचा कान
(गणेशोत्सवात मंडळापुढे केलेले भाषण)



आम्ही नाट्यविभागाची हौशी मंडळी, कचेरी सुटल्यावर तालमी घेणारी. सिनेमावर बोलण्याचा आम्हाला काही अधिकार नाही. पण नट आपल्या दिग्दर्शकाविषयी काय सांगतात ते ऐकायचा आम्हाला भारी नाद.

शबाना आझमी ‘अंकुर’ची एक आठवण नेहमी सांगतात. १९७४ सालचा हा श्याम बेनेगल यांचा पहिला कथाचित्रपट. बेनेगल हैदराबादचे, १९५६ पर्यंत आपला बीदर जिल्हाही त्याच राज्यात होता. शबाना मुंबईत कैफी आझमींच्या घरात वाढलेल्या, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. भूमिका मात्र तेलंगणातल्या खेड्यातल्या मोलकरणीची. साधे उकिडवे बसणे जमेना. बेनेगलांनी त्यांना त्याच साडीत गावात हिंडायला लावले. बाकीचे टेबलाशी जेवत, यांनी खाली उकिडवे बसून जेवायचे. एकदा कॉलेजची पोरे शूटिंग बघायला आली आणि यांनाच विचारू लागली, नायिका कुठे आहे? यांनी आपण आया असल्याचे सांगितले आणि पोरांना ते खरे वाटले. तेव्हा कुठे बेनेगल म्हणाले, आता टेबलाशी जेवायला हरकत नाही.

आमचे लक्ष मात्र बोलीकडे जाते. घरात शायराची उर्दू असलेल्या बाईंना तिथे दखनी शिकावी लागली. तीच दखनी, जी आपण बाजारात रोज बोलतो आणि पाहुण्यांसमोर लपवतो. तिच्यातला ‘नक्को’ तर आपल्या मराठीतूनच गेलेला! त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मराठीतही असे घडले आहे. प्रभातच्या ‘माणूस’मधली (१९३९) मैना म्हणजे शांता हुबळीकर, हुबळीकडच्या, मातृभाषा कन्नड. व्ही. शांताराम यांनी त्यांना नायिका केले आणि एकाच गाण्यात निरनिराळ्या प्रांतांच्या भाषा त्यांच्या तोंडी घातल्या. महाराष्ट्राने ते गाणे डोक्यावर घेतले.

आता आमचे ऐका. काही वर्षांपूर्वी याच मंडपासाठी एकांकिका बसवत होतो. दुकानदाराच्या भूमिकेत आपल्यातलाच एक मुलगा होता. घरी मराठी, शाळा कन्नड. उभा राहिला की दुकानदारच वाटायचा. पण ‘काय करतोस’ऐवजी त्याच्या तोंडून ‘काय करायलास’ यायचे, आणि वाक्याचा शेवट कन्नड हेलात वर जायचा. आम्ही दर वेळी थांबवले. पुण्याच्या मराठीत बोल, म्हणालो. आठ दिवसांत तो सुधारला नाही, नुसता ताठरला, हातवारेसुद्धा थांबले. शेवटी आम्ही भूमिका दुसऱ्याला दिली. त्याने शुद्ध उच्चारात पाठ केलेली वाक्ये म्हटली, टाळ्याही पडल्या. आणि ती गोष्ट तरी कुठे घडत होती? इथल्याच एका गावात! हे तेव्हा आम्हा कुणाच्याच लक्षात आले नाही.

त्या मुलाचे वडील पुढे आरतीला भेटत राहिले. कधी बोलले नाहीत. तो मात्र मंडपात फिरकला नाही. आम्हीही त्याच्या घरी जाऊन दोन शब्द बोललो नाही. चूक आमची होती, हे आज सर्वांसमोर सांगतो.

यंदा आम्ही गेलो. आता तो नोकरीला लागला आहे. संहिता पुढे ठेवली आणि म्हटले, तुझ्या तोंडी बसेल तसे बदल. त्याने दोन पाने उलटली आणि म्हणाला, “बघू. कोण कोण करायलेत?”

आजच्या आरतीनंतर वाचन आहे. एक खुर्ची जास्त मांडली आहे.